बिनगिअरचा माणूस

नगरमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सायकल चालवायची असेल, तर नुसती सायकल येऊन भागत नाही. खुलासे करता यावे लागतात. तेही चालत्या सायकलवरून, मान मागे वळवून, खड्डा चुकवत. दिल्ली दरवाज्यापासून माळीवाडा वेशीपर्यंतचं अंतर ते काय! पण चितळे रोडवर ओळखीची माणसं भेटत गेली की पायांपेक्षा तोंडच जास्त चालवावं लागतं.

"काय साहेब, गाडी कामाला टाकली का?"

"नाही हो."

"मग विकली?"

"घरी आहे. चांगली चालू आहे."

"मग डॉक्टरांनी सांगितलं असंल."

"नाही, नाही. मला आवडते सायकल."

यावर समोरचा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर आपल्याकडे दशक्रियेला राखून ठेवलेली असते. "असू द्या, असू द्या," तो खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "होईल सगळं नीट."

'आवडते' हे कारण आमच्याकडे कोणी ग्राह्य धरत नाही. पेट्रोल महागलं, हे चालतं. गुडघा आखडला, हेही चालतं. मुलाने गाडी नेली आणि परत देत नाही, यावर तर लोक स्वतःचे अनुभव सांगायला दोन्ही पाय रोवून उभे राहतात. म्हणून मी मध्यंतरी सरळ 'शुगर' असं उत्तर द्यायला लागलो. काही दिवस बरे गेले. मग भर चौकात लोक मला थांबवून मेथीचे दाणे किती भिजवायचे ते सांगू लागले. एकांनी कारल्याच्या रसाची बाटलीच हँडलला अडकवून दिली. तिसऱ्या आठवड्यात बायकोला तिच्या मावशीचा संगमनेरहून फोन आला, "जावईबापूंना शुगर निघाली, अन् आम्हाला कळवलं पण नाहीस?" माझी शुगर आजही अगदी व्यवस्थित आहे, पण आमच्याकडे सणाला पुरणपोळी केली तर माझ्या ताटात भाकरी येते.

घरचं एक वेळ निभावतं. मी एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. कोणत्या ते विचारू नका, संस्था भक्कम आहे आणि मला ती तशीच राहू द्यायची आहे. आमच्या जिल्ह्यातले ठेवीदार दुधाने पोळलेले आहेत, ते ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितात. मी पहिल्यांदा सायकलवर शाखेत गेलो त्याच दिवशी दुपारी एक आजी पावती घेऊन टेबलापुढे उभ्या.

"मोडून द्या."

"का आजी? अजून सात महिने आहेत मुदतीला. व्याज बुडेल."

"बुडू द्या. मुद्दल तरी हाती राहील. मी सकाळी बघितलं तुम्हाला."

संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा निरोप आला. केबिनमध्ये त्यांनी दार लावून घेतलं. "साहेब, तुम्ही चारचाकीने येत चला. गाडी नसेल तर आपण कर्ज देतो."

"आणि हप्ता?"

"हप्ता तुमचा. प्रतिष्ठा संस्थेची."

वसुलीला तर सायकलवरून जाण्यात अर्थच नाही. थकबाकीदार आवाज ऐकून मागच्या दाराने पळतो ही साधी रीत आहे. सायकलला आवाज नाही, त्यामुळे माणूस हमखास घरात सापडतो. इथवर उत्तम. पण सायकलवरच्या माणसाला कोणी घाबरत नाही. केडगावच्या एका थकबाकीदाराने मला ओट्यावर बसवलं, चहा पाजला, पुढच्या चाकातली हवा भरून दिली आणि हळू आवाजात विचारलं, "तुमचं पण अवघडच चाललंय का?" निघताना तो मला पाचशे रुपये देऊ करत होता. हप्ता म्हणून नव्हे, मदत म्हणून.

आता त्या सायकलीबद्दल सांगतो. अ‍ॅटलस. काळी. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. बस. एवढाच तिचा तांत्रिक तपशील. पायडलचा एक फेरा मारला की साधारण साडेपाच मीटर पुढे. चढ असो, उतार असो, मन उदास असो की पगार झालेला असो, साडेपाच मीटर म्हणजे साडेपाच मीटर. तिची जन्मदाती कंपनी १९५१ पासून सोनीपतमध्ये सायकली बनवत होती. कंपनीचा शेवटचा चालू कारखाना साहिबाबादला होता, तो २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी बंद पडला. इतकं अचूक टायमिंग माझ्या सायकलच्या ब्रेकलाही साधलेलं नाही. ब्रेक दाबल्यावर ती थांबत नाही, थांबण्याचा विचार सुरू करते.

ती मी एका गवळ्याकडून घेतली. वीस वर्षं तिने दूध घातलं होतं. कॅरिअरला किटल्या अडकवायच्या कड्या अजून आहेत आणि सवयीही तशाच आहेत. बुऱ्हाणनगर रस्त्याच्या बाजूला गेलं की ठरावीक घरांपुढे ती आपोआप हळू होते. एकदा घंटी वाजली आणि एक बाई पातेलं घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, मी दूधवाला नाही. त्या म्हणाल्या, "ते दिसतंयच. तो एवढा दमत नव्हता."

कुलूप मात्र मी नवं घेतलं. तेच कुलूप घेऊन एकदा शनिशिंगणापूरला गेलो. इमामपूरचा घाट, पांढरीपूल, मग म्हशींच्या बाजाराचं घोडेगाव, असा रमतगमत पोहोचलो आणि सवयीने चाकाला कुलूप लावलं. जिथल्या घरांना दारं नाहीत अशा गावात! फुलं विकणारे एक म्हातारबाबा दुखावले. "आवो, हितं बँकेलासुदीक कुलूप नाय, अन् तुम्ही ह्याला लावता?" २०११ साली तिथे खरोखरच बिनकुलपाची बँक उघडली होती, तेव्हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मी ओशाळून कुलूप काढलं. मग म्हातारबाबा जवळ सरकून म्हणाले, "चपला तेवढ्या माझ्याजवळ ठेवा. गाव द्येवाचं हाय, पण येणारे सगळे बाहेरचे."

तसं पाहिलं तर सायकलीचा पाणउतारा करण्यात आमच्या गावाचा हात जुना आहे. सायकलीला इंजिन जोडून लूना ही गाडी १९७२ साली बाजारात आणली ती फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने, आणि तिचा कारखाना नगरचा. मीही १९७२ सालचाच. आम्ही दोघं बरोबर वाढलो, तिचा खप माझ्यापेक्षा चांगला होता. पन्नास सीसीची ती गाडी पायडल मारून सुरू व्हायची, चढावर धापा टाकायला लागली की पुन्हा पायडल, पेट्रोल संपलं तर घरापर्यंत पायडल. म्हणजे लूनावाल्यालाही पाय मारावेच लागत. पण त्याला कोणी डॉक्टरांचं नाव विचारत नसे. धूर निघत होता ना! माणसाच्या मागून थोडा धूर निघाला की त्याचं बरं चाललंय असं समाजाला वाटतं. २०२४ पासून ई-लूना आली आहे. आता धूरही गेला आणि पायडलही गेलं.

माझ्या आयुष्यात गिअर आला तो मेव्हण्याच्या रूपाने. तो सावेडीत राहतो, वय अडतीस, आणि कोणतीही गोष्ट करायची तर 'प्रॉपर' करायची, असा त्याचा बाणा आहे. योगासनं सुरू केली तेव्हा त्याने आधी चटईवर संशोधन केलं. सायकल घ्यायची ठरली तेव्हा तो पुण्याला तीन दुकानं पालथी घालून, स्वतःच्या मांडीची लांबी मोजून घेऊन, पंचावन्न हजारांची एकवीस गिअरची सायकल घेऊन आला. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, मागे कापसाची गादी शिवलेली तंग चड्डी हे सगळं वेगळं. पहिल्या दिवशी तो तशाच पोशाखात आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा शेजारच्या काकूंनी आत्महत्या रोखणारं पथक आलंय की काय असं वाटून गच्चीकडे बघितलं.

"दाजी, तुमचा अ‍ॅव्हरेज किती पडतो?"

"लिटरला?"

"ताशी हो! बरं, केडन्स किती असतो तुमचा?"

"केडगावला फक्त वसुलीपुरता जातो मी."

मग त्याने मला केडन्स समजावला. मिनिटाला पायडलचे किती फेरे, त्याला केडन्स म्हणतात. तो ऐंशी-नव्वद हवा. चढ आला की खालचा गिअर, सपाटीला वरचा. पुढे तीन चक्रं, मागे सात, तीन साते एकवीस. पण पुढचं मोठं आणि मागचं मोठं एकत्र लावायचं नाही, चेन तिरकी ओढली जाते. पुढचं छोटं आणि मागचं छोटं, तेही नाही. आणि मधले बरेचसे गिअर एकमेकांइतकेच असतात, फरक कळत नाही.

"म्हणजे वापरायचे किती?"

"तसे... दोन-तीन."

"आणि बाकीचे?"

"ऑप्शन असावेत ना, दाजी."

हा ऑप्शन नावाचा प्रकार मला दिवसभर छळतो. कर्ज मंजूर की नामंजूर, जामीनदार एक की दोन, दूध गायीचं की म्हशीचं, भाजी पालक की मेथी (शुगरमुळे अर्थातच मेथी), टीव्हीवर मालिका की बातम्या. सकाळी तासभर सायकलवर बसल्यावर मला एकच प्रश्न उरतो, पाय मारायचा की नाही. मारला तर ती पुढे जाते, नाही मारला तर फ्रीव्हील टिकटिक करत राहतं. जीपीओ चौकातून बाहेर पडून भुईकोट किल्ल्याला वळसा घालून भिंगारकडे निघावं, कॅन्टोन्मेंटची झाडं सुरू व्हावीत, रस्ता जरासा उतरता लागावा आणि पाय थांबवून नुसतं बसावं. त्या टिकटिकीत मला कोणत्याही हिशेबाची आठवण येत नाही. याच किल्ल्यात इंग्रजांनी १९४२ ते १९४५ नेहरूंना कोंडून ठेवलं होतं आणि तिथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. एवढा मोठा ग्रंथ कसा हातावेगळा झाला, ते मला त्या वळणावर नेहमी कळतं. आत येऊन 'पंडितजी, गाडी कामाला टाकली का?' असं विचारायची कोणाला सोय नव्हती.

मेव्हण्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "ठीक आहे, सपाटीवर ठीक आहे. चढावर काय करणार?" नगर शहर मुळात सपाट. २०२२ साली स्टेशन रोडवर उड्डाणपूल झाला तेव्हा कुठे शहराला स्वतःचा घाट मिळाला. त्यावरून मी जात नाही, खालून जातो, खाली सावली असते आणि चहा असतो. पण मेव्हण्याचं समाधान व्हावं म्हणून मी थोडा अभ्यास केला. टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज नावाचे गृहस्थ होते. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. मातब्बर खेळाडूंना त्या शर्यतीत गिअर बदलायचं यंत्र वापरायला मिळालं ते १९३७ साली. तोवर काय करत? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं. पर्वताचा पायथा आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुन्हा निघायचं. मी हे मेव्हण्याला वाचून दाखवलं. देग्रांजसाहेबांच्या हिशेबाने त्याच्या घरातले सगळे गिअर माझ्या वाट्याला येतात, त्याला अजून सात वर्षं थांबावं लागेल, हेही नम्रपणे सांगितलं.

तो म्हणाला, "रविवारी चांदबिबीला या. मग बघू."

चांदबिबीचा महाल नगरपासून पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर, शाह डोंगराच्या माथ्यावर आहे. महाल म्हणतात, पण ती आहे कबर, आणि चांदबिबीची नव्हे, निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याची. तीन मजली, अष्टकोनी, मैलांवरून दिसणारी इमारत बांधून माणूस आत निवांत झोपला आणि लोकांनी ती चांदबिबीच्या नावावर करून टाकली. पुरातत्त्व खात्याने पाटी लावली, इतिहासकारांनी लेख लिहिले, गाइड रोज घसा कोरडा करतात, तरी रिक्षावाल्याला विचारा, 'चांदबिबी'. सरकारदरबारी तर २०२४ साली जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं, तरी बारशीटाकळीचा नातेवाईक फोनवर 'नगरला कधी येऊ?' असंच विचारतो. एकदा लोकांच्या तोंडात काही बसलं की खुलाशाचा उपयोग नसतो. सलाबतखानाचं कोणी ऐकलं नाही, तिथे माझ्या शुगरचं कोण ऐकणार?

पाथर्डी रस्त्याला लागलो आणि समोरून वारा सुरू झाला. नगरच्या पूर्वेला वारा किती आहे हे सांगायला वेधशाळा नको. कंपन्यांनी वाऱ्याचा अभ्यास करून, आकडेमोड करून, खांडक्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत. करोडो रुपये खर्चून जी जागा त्यांनी वाऱ्यासाठी निवडली, त्याच दिशेला आम्ही छाती काढून निघालो होतो. मेव्हण्याने अंगठ्याने काहीतरी दाबलं, खटक्-खटक् आवाज झाला आणि तो गरागरा पाय फिरवायला लागला. माझे साडेपाच मीटर चालूच होते. तो माझ्यापुढे गेला, मग माझ्याबरोबर आला, मग पुन्हा पुढे. प्रत्येक वेळी खटक्.

"कोणता गिअर चालू आहे?" मी विचारलं.

"शोधतोय."

डोंगराचा घाटरस्ता सुरू झाला आणि मी उतरलो. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. माझी सायकल हातात धरून चालताना फार सुंदर चालते. बाजूने शेळ्या चालल्या होत्या, त्यांच्या मालकाने मला तंबाखू विचारली, आम्ही पावसावर बोललो. त्याने गाडी कुठे आहे असं विचारलं नाही. वरच्या वळणावर मेव्हणा सीटवरून उठून, दात-ओठ खाऊन पाय मारत होता. ऐन चढावर, सगळा जोर पायडलवर असताना, त्याने एकविसांपैकी कोणता तरी ऑप्शन निवडला. खाड्! चेन चक्र आणि आरे यांच्या मधे जाऊन रुतली आणि मागे लोंबणारं ते नाजूक यंत्र आत वाकलं. गिअर मिळाला होता, आता तो सुटत नव्हता.

त्याने पुण्याला दुकानात फोन लावला. फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं, हँगर वाकलाय, पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस. मग आम्ही दोघं चालत खाली आलो. शेळीवाला तेवढ्यात महालापर्यंत जाऊन परत आला होता. 

पायथ्याला लिंबाखाली एक पंक्चरवाले बसतात. ट्रॅक्टरच्या ट्यूबपासून फुटबॉलपर्यंत सगळं बघतात. त्यांनी पंचावन्न हजारांची ती सायकल उलटी केली आणि बराच वेळ पाहिली.

"ह्ये काय हाय?"

"डिरेलर," मेव्हणा म्हणाला.

"काय करतं ते?"

"गिअर बदलतं."

"आत्ता बदलतंय का?"

"नाही."

"मग काढू का?"

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. मी पवनचक्क्यांकडे पाहिलं. पंक्चरवाल्यांनी खिळा आणि हातोडी घेतली, चेनची पिन ठोकून काढली, चेन यंत्रातून ओढून घेतली, चार-दोन कड्या कमी केल्या, पुढच्या मधल्या आणि मागच्या मधल्या चक्रावर चढवून पुन्हा जोडली. वाकलेलं यंत्र सुतळीने सांगाड्याला बांधून टाकलं. "वीस रुपये द्या. आता गिअरचा ताप नाय."

परतीला वारा पाठीमागून होता. चेन अधूनमधून किंचित उडत होती, पण मेव्हण्याच्या दोन्ही अंगठ्यांना काम उरलं नव्हतं. भिंगार येईपर्यंत तो चक्क काहीतरी गुणगुणत होता. माझ्या मागे-पुढे न करता सरळ शेजारून चालला होता. मला वाटलं, पोरगं सुधारलं.

पण ज्याला कोणतीही गोष्ट प्रॉपर करायची असते तो माणूस वीस रुपयांत सुधारत नाही. महिनाभरात तो पुन्हा पुण्याला गेला आणि नवी सायकल घेऊन आला. पांढरीशुभ्र, सडपातळ. "सिंगल स्पीड आहे, दाजी!" गिअर नाही. घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, स्टँडही नाही. जे जे नाही त्याचे पैसे बिलात लावलेले असावेत, कारण किंमत आधीच्यापेक्षा आठ हजारांनी जास्त होती. स्टँड नसल्यामुळे त्याने ती माझ्या अ‍ॅटलसला टेकवून उभी केली.

"यात एक वेगळीच मजा असते," तो मला सांगू लागला. "डोकं मोकळं राहतं. निर्णयच घ्यावे लागत नाहीत. फ्रीव्हीलचा आवाज ऐकलाय का तुम्ही कधी नीट?"

"नाही बुवा," मी म्हटलं.

"तुम्हीही घ्या एखादी. या वयात चांगली. शुगरला पण बरी."

तेवढ्यात आतून माझ्या बायकोचा आवाज आला, "आलाच आहेस तर दळण घेऊन ये रे गिरणीतून. डबा झाला असेल."

मेव्हण्याने आपल्या सायकलीकडे पाहिलं. पंधरा किलोचा डबा ठेवायला तिथे हवेशिवाय काही नव्हतं. मग त्याने अ‍ॅटलस बाजूला काढली, हेल्मेट घातलं, मनगटावरचं घड्याळ दाबून चालू केलं आणि निघाला. रस्त्यात त्या सायकलने त्याला सवयीप्रमाणे दोन घरांपुढे थांबवलं असणार, कारण यायला बराच उशीर झाला.

रात्री त्याच्या अ‍ॅपवर नोंद झळकली. 'कार्गो राइड, सिंगल स्पीड, हेवी लोड.' सोबत पिठाच्या डब्याचा फोटो. पन्नासेक जणांनी शाबासकी दिली होती, त्यात आमचे अध्यक्षही होते. गहू आमचे होते, असं मी खाली लिहिणार होतो, पण बायको म्हणाली, कशाला उगीच खुलासे करता.